वाटाण्याएवढा बुडबुडा

सोमवारी सकाळी गोदामात शिरलो तेव्हा काकू नेहमीच्या खिळ्यावर टांगलेली होती, पण तिची नळी कुणीतरी उलट्या बाजूनं गुंडाळली होती. एवढंच झालं. छत कोसळलं नाही, कुणी मेलं नाही. पण आपला कोरडा टॉवेल दांडीवर टाकून जावं आणि परत येऊन बघावं तर तो ओला, तसं मला झालं. काकू म्हणजे आमची गॅसची बंदूक. पाठवायच्या वस्तूवर प्लास्टिकची जाड पिशवी घालायची, बंदुकीची ज्वाळा तिच्यावरून फिरवायची, की पिशवी आक्रसते आणि वस्तूला घट्ट बिलगते. मग ती वस्तू पावसात ठेवा, जहाजात ठेवा, तिला काही होत नाही. बंदुकीला काकू म्हणतात, कारण ती एकदा पेटली की कुणाला मध्ये बोलता येत नाही. सहा वर्षं ती माझ्या हातात होती. या सहा वर्षांत मी पंप गुंडाळले, छपाईची यंत्रं गुंडाळली, न्हाव्याच्या खुर्च्या गुंडाळल्या, एकदा एका थोर माणसाचा पुतळा गुंडाळला आणि त्याच्या नाकाशी आल्यावर उगाचच ज्वाळा जरा लांब धरली. आणि सहा वर्षं रोज संध्याकाळी मी नळी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे गुंडाळत आलो. मोठे वेढे, कारण लहान वेढ्यांनी नळी मोडते, मोडली की तिला भेगा पडतात, आणि भेग कधी पडली हे नळी कुणाला सांगत नाही. आजचे वेढेही मोठे होते. एकसारखे होते. माझ्या वेढ्यांपेक्षा एकसारखे होते. फक्त उलटे, डावखुऱ्या माणसाचे. आमच्या गोदामात डावखुरा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा भाऊ आहे.

त्याला मीच आणला. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलंय, की त्यातला 'मीच' झिजून गुळगुळीत झालाय. तो गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, डोक्यावरचे केस मात्र माझ्याहून जास्त. त्याच्या दुकानासमोर तयार कव्हरांचं मोठं दुकान निघालं आणि एका हिवाळ्यात याचं दुकान बसलं. बायको म्हणाली, "तुझ्याकडे बघ ना काहीतरी. त्याचे रिकामे हात मला बघवत नाहीत." मी म्हणालो, "आमच्याकडे हात भाजतात." ती म्हणाली, "भाजू देत, पण रिकामे नकोत." मग मी हवामानाकडे शब्द टाकला. हवामान म्हणजे आमचा सुपरवायझर. तो जे म्हणेल त्याच्या नेमकं उलटं घडतं म्हणून हे नाव. तो म्हणाला, "बघ हां, तुझा मेहुणा इथं आठ दिवस टिकणार नाही." तिथंच मी सावध व्हायला हवं होतं. पण मला शिकवायला फार आवडतं. शिकवताना माणूस दोन इंच उंच होतो. पहिल्या दिवशी मी त्याला गॅसच्या टाकीपुढं उकिडवं बसवलं आणि साबणाच्या पाण्याचा वाडगा आणि दाढीचा ब्रश पुढं ठेवला. म्हणालो, पेटवण्याआधी हे. जिथं जिथं जोड आहे तिथं फेस लावायचा, टाकी आणि रेग्युलेटर, रेग्युलेटर आणि नळी, नळी आणि बंदूक. मग टाकी जराशी उघडायची आणि बघत बसायचं. फेस गप्प बसला तर ठीक. फेसात बुडबुडा उठून फुगायला लागला तर गॅस गळतोय. तो म्हणाला, "वासानं नाही का कळत, भावोजी?" मी म्हणालो, "कळतं. पण नाकाला सर्दी होते, फेसाला होत नाही." तो मोकळं हसला. मी आणखी एक इंच वाढलो आणि माझा आवडता नियम सांगितला: जो पेटवणार त्यानं स्वतः तपासायचं, बापानं तपासून दिलं तरी परत तपासायचं. तो ब्रशकडे बघत होता. "हा बाबांचा ना?" होता. सासरे गेले तेव्हा बायकोनं त्यांचं घड्याळ भावाला दिलं आणि ब्रश मला आणून दिला, कारण गोदामात एक मऊ ब्रश हवा असं मी कधीतरी बोललो होतो. माझ्या आयुष्यात वारशानं आलेली ती एकमेव मालमत्ता. "बापानं तपासून दिलं तरी," तो हळूच म्हणाला, आणि त्यानं तो ब्रश एकदा स्वतःच्या गालावरून फिरवला. गालाला फेस लागला. तो पुसायला त्याला बराच वेळ लागला, आणि तोपर्यंत मी नळीकडे बघत राहिलो.

मग घोडे आले. बत्तीस. कुठल्याशा बागेतलं गोल फिरणारं चक्र मोडलं होतं आणि त्याच्यावरचे लाकडी घोडे समुद्रापलीकडच्या दुसऱ्या बागेत जायचे होते. पंप गुंडाळणं सोपं असतं, पंपाला आपण कसे दिसतो याची फिकीर नसते. घोड्याला कान असतात, आयाळ असते, चार पाय असतात आणि हे चारही पाय हवेत असतात. शुक्रवारी पहिला घोडा मी केला. सगळं नियमानं केलं. आधी बूड बांधून घेतलं, मग बाजूंनी चढत चढत वर, शेवटी डोकं. ज्वाळा हातभर लांब, आणि एका जागी थांबवायची नाही, थांबलं की भोक पडतं. भोक पडलं नाही. शेवटी टाकी बंद केली, नळीत उरलेला गॅस जाळून संपवला, मग खटका सोडला, बंदुकीचं तोंड निवू दिलं आणि मागं सरून बघितलं, तर पॅलेटवर माणसाच्या उंचीचा एक बटाटा उभा होता. हवामानानं त्याला एक फेरी घातली. "घोडा आत आहे ना?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, सकाळपर्यंत तरी होता. शनिवारी माझी दाढ दुखायला लागली आणि मी घरी राहिलो. आणि आता सोमवारी, त्या उलट्या वेढ्यांच्या पलीकडे, माझ्या बटाट्याच्या शेजारी दुसरा घोडा उभा होता. तो गुंडाळलेला होता हे कळायला मला जवळ जावं लागलं. त्याच्या नाकपुड्या दिसत होत्या. दात दिसत होते. आयाळीतली लाकडाची एकूण एक लाट दिसत होती, आणि त्या सगळ्यावर प्लास्टिक असं बसलं होतं, की घोड्याला वरून आणखी एक कातडी फुटली असावी. मी बोटानं पोटावर टिचकी मारली. पोट वाजलं. सहा वर्षांत माझी एकही वस्तू वाजली नव्हती.

"कापडासारखंच आहे, भावोजी," तो मागून म्हणाला. मी दचकलो नाही असं दाखवलं. "आधी हातानं चिमटे काढून ठेवायचे, कुठं जास्त झालंय, कुठं कमी पडतंय. मग ज्वाळा नुसतं विचारते, ते आपलं आपणच जातं." मी म्हणालो, "ज्वाळा विचारते?" तो ओशाळला. "म्हणजे, मी आपलं म्हणतो हो." मला सहा वर्षांत काकूनं कधी काही विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "चांगलं झालंय." हे दोन शब्द बोलताना दाढेतून एक कळ थेट कानापर्यंत गेली. अकराच्या सुमाराला घोड्यांची मालकीण आली, म्हातारी, ताठ, हातमोजे घातलेली. तिनं एक मोजा काढून त्याच्या घोड्याच्या नाकावरून हात फिरवला, जिवंत घोड्याच्या फिरवतात तसा. मग माझ्या घोड्याकडे वळून तिनं अगदी सभ्यपणे विचारलं, "आणि हे काय आहे?" ती गेल्यावर हवामान माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "हे बघ, आजपासून काकू याच्याकडे. तपासायचं काम तुझं, पिशव्या कापायचं काम तुझं. तू सीनिअर आहेस." ज्या माणसाकडून काहीतरी काढून घ्यायचं असतं त्याला सीनिअर म्हणतात. मी म्हणालो, "पण जो पेटवणार त्यानं तपासायचं असतं." हवामान म्हणाला, "तो माल गुंडाळेल का साबणाशी खेळेल? काही होत नाही रे." त्याच्या तोंडून 'काही होत नाही' ऐकल्यावर मला बरं वाटायला नको होतं, पण वाटलं. हे मी लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते एकदम झालं असं मला कुणाला पटवायचं नाही.

त्या रात्री जेवताना बायकोनं फोन माझ्या ताटापुढं धरला. फोनमध्ये घोडा होता. भावानं तिला पाठवला होता, तिनं आईला पाठवला होता, आईनं ज्यांना ज्यांना घोड्यात रस नव्हता अशा सगळ्यांना पाठवला होता. "बघ ना, दात मोजता येतात," ती म्हणाली. मी मोजले. बारा होते. "आणि तो सगळ्यांना सांगतोय, भावोजींनी शिकवलं म्हणून." ती इतकी आनंदात होती, की तिनं माझा हात धरला, आणि मी माझ्या हाताकडे बघितलं. मला वाटतं मत्सर हा आतला प्रकार नाही; तो कातडीवर येतो. सहा वर्षं माझ्या उजव्या मनगटावर केस नव्हते, ज्वाळेच्या धगीनं जळून गेले होते, आणि लग्नानंतर बायको त्या गुळगुळीत पट्टीवरून अंगठा फिरवायची नि म्हणायची, इथं तू बाळासारखा आहेस. आता आठवड्याभरात तिथं खुंट यायला लागले. मी कापायच्या टेबलाशी उभा राहून पिशव्या कापायचो आणि वीस पावलांवर काकूचा तो घुसमटलेला घोगरा आवाज ऐकायचो, आणि दर वेळी आवाज थांबला की एक घोडा झालेला असायचा. मेहुण्याच्या भुवया विरळ होत चालल्या होत्या. माझ्या दाट होत होत्या. एकदा आरशात बघितलं तर मला स्वतःमध्ये कुणीतरी आळशी काका दिसला. आणि मेहुण्याचं वाईट चिंतायलाही तो जागा देत नसे. दुपारी डबा उघडला की अर्धा माझ्यापुढं सरकवायचा. शनिवारी बंदुकीच्या तोंडात साचलेली काजळी तारेच्या ब्रशनं झाडायची, जाळी फुंकून घ्यायची, नळी हातातून सरकवत वाकवून भेगा बघायच्या, हे सगळं मी शिकवल्याप्रमाणे, मी शिकवल्याच क्रमानं करायचा, आणि करताना पुटपुटायचा. माझेच शब्द पुटपुटायचा. स्वतःचंच गाणं दुसऱ्याच्या चांगल्या गळ्यातून ऐकू यावं, तसं ते होतं. एकोणीस घोडे झाले. म्हणजे अठरा घोडे आणि एक बटाटा.

विसाव्या घोड्याच्या सकाळी थंडी होती म्हणून मोठं दार लोटून घेतलेलं होतं. नवी टाकी लावायची होती, मी लावली. गॅसच्या टाकीचे आटे उलटे असतात, नेहमीच्या सवयीनं घट्ट करायला जावं तर सैल होतं; सहा वर्षं मी ते न चुकता केलंय आणि त्याही दिवशी चुकलो नाही. नट घट्ट होता. ब्रशनं फेस लावला. टाकी पाव फेरा उघडली. मेहुणा घोड्यावर पिशवी घालून चिमटे काढत होता, त्याची माझ्याकडे पाठ होती. नळीच्या जोडावर फेस गप्प होता. बंदुकीच्या जोडावर गप्प होता. टाकीच्या नटाखाली, मागच्या बाजूला, एक बुडबुडा उठला. आधी मोहरीएवढा. तो फुटेल असं वाटलं, फेसात साधी हवाही असते, पण फुटला नाही. सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखा, तो वाटाण्याएवढा झाला. फार सुंदर होता. त्याच्या पाठीवर खिडकी होती, वाकडी झालेली, आणि खिडकीत एक काळा ठिपका होता आणि तो ठिपका मी होतो. "झालं का, भावोजी?" मेहुण्यानं विचारलं. आणि मी म्हणालो, "ठीक आहे."

मी काही ठरवलं नव्हतं. पण हे न्यायाधीशाला सांगायचं वाक्य आहे. खरं असं, की ते दोन शब्द तोंडात तयार होते, रोज त्याच वेळी तयार असतात, आणि मी ते अडवले नाहीत. मी वाडगा तिथंच ठेवला, ब्रश खिशात घातला आणि टेबलाकडे चालायला लागलो. टेबल वीस पावलांवर आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मी ती कधी मोजली नव्हती. चौथ्या पावलाला मला वाटलं, फार तर फार भुवई जाईल. तशी ती अर्धी गेलेलीच आहे. सहाव्या पावलाला वाटलं, नुसतं फुस्स होईल, तो घाबरेल, म्हणेल, भावोजी, तुमचं तुम्हीच सांभाळा. नवव्या पावलाला मी ऐकू लागलो. खटक्याचा आवाज कसा असतो ते मला माहीत होतं, जीभ टाळूला लावून सोडावी तसा. तो आला नव्हता. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, हे त्याला मीच शिकवलं होतं, तो वर जात नाही, जमिनीवर पसरतो, सांदीकोपऱ्यात जाऊन बसतो आणि वाट बघतो. बाराव्या पावलाला मला पिशवीचा घेर आठवला, घोड्याच्या पायांभोवती जमिनीपर्यंत सोडलेला, तंबूसारखा, आणि लोटलेलं दार. तेराव्या पावलाला त्याच्या गालावरचा फेस आठवला. पंधराव्याला बायकोचा अंगठा माझ्या मनगटावर आला आणि खुंटांना अडला. मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही, फक्त पावलं लहान केली. सहा वर्षांत मी इतका हळू कधीच चाललो नव्हतो, आणि तरीही मी चालतच होतो, हे मला कुणी पुढं कितीही वेळा विचारलं तरी असंच आहे. विसाव्या पावलाला टेबलाची कड पोटाला लागली. मी वळलो. तोंड उघडलं. तोंडातून आवाज निघाला की नाही हे मला आजही माहीत नाही, कारण तेवढ्यात तोच म्हणाला, "भावोजी, जरा या इकडं."

तो टाकीपुढं उकिडवा बसला होता आणि त्याच्या डाव्या हाताच्या बोटांना फेस होता. त्यानं टाकी बंद केलेली होती. मी पोचेपर्यंत तो उठला, मोठं दार दोन्ही हातांनी ढकलून सताड उघडलं, घोड्याच्या पायांखालची पिशवी वर उचलून धरली आणि थंड हवा आत येऊ दिली. मग आम्ही दोघं बाहेर जाऊन उभे राहिलो. "सुटलं तुमच्या नजरेतून," तो म्हणाला, "मागच्या बाजूला होता." मी म्हणालो, "तू परत तपासतोस?" तो पायानं खडा उडवत म्हणाला, "रोजच. तुम्ही टेबलाकडे गेलात की बोटानं फेस लावून बघतो. तुमच्यासमोर केलं तर तुम्हाला वाटायचं, आपल्यावर विश्वास नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना, बापानं तपासून दिलं तरी." पुष्कळ वेळानं आम्ही आत गेलो. त्यानं नट सोडला, आतलं रबरी वायसर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. एका बाजूनं चपटं झालं होतं, कडेला भेग होती. नवं बसवलं, नट आवळला; उलटे आटे डाव्या हाताला बहुधा सुलटे पडत असावेत. परत फेस लावला आणि या वेळी आम्ही दोघं बघत बसलो. फेस गप्प होता. हवामान आला. "काम का थांबलंय?" मेहुणा म्हणाला, "वायसर गेलं होतं. भावोजींनी पकडलं." हवामान माझी पाठ थोपटून गेला. माझ्या पाठीवर तो हात संध्याकाळपर्यंत राहिला. आणि दुपारी, डबा माझ्यापुढं सरकवताना, इकडंतिकडं बघून, कुणी ऐकत नाही याची खात्री करून मेहुणा हळूच म्हणाला, "भावोजी, रागावू नका, पण डोळे दाखवून घ्या एकदा. चष्मा लागला असेल. होतं या वयात." मी चौतीस वर्षांचा आहे.

त्यानं बहिणीला सांगितलं, डोळ्यांपुरतंच. शनिवारी संध्याकाळी ती मला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली आणि तोही आला, कारण त्याला वाटलं, फ्रेम निवडायला तिसरं माणूस बरं. दोघं भावंडं बाकावर बसली. आतल्या डॉक्टरनं मला खुर्चीत बसवून एका डोळ्यावर झाकण धरलं आणि समोरच्या तक्त्यावरचा दिवा लावला. मोठं अक्षर, मग लहान, मग आणखी लहान. माझ्यापुढं वाट इतकी सरळ होती, की हसू यावं. तिसऱ्या ओळीला अडखळायचं. 'म'ला 'भ' म्हणायचं, 'घ'ला 'ध' म्हणायचं. एक चष्मा मिळेल, नाकावर दोन खळगे पडतील, आणि मी जन्मभर एक चांगला माणूस राहीन ज्याला त्या दिवशी नीट दिसलं नाही. तिसरी ओळ आली. तक्त्याशेजारच्या आरशातून मला मेहुणा दिसत होता. तो माझ्यासाठी एक फ्रेम हातात धरून बसला होता, काळी, जाड, बरी होती. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. याला खरंच वाटतंय, माझ्या मनात आलं, याला खरंच वाटतंय की मला वाटाण्याएवढा बुडबुडा दिसला नाही. मला. सहा वर्षं ज्यानं मोहरीएवढे पकडले, त्याला. आणि माझ्यात काहीतरी उठून उभं राहिलं, जे लाजेपेक्षा मोठं होतं आणि जास्त मूर्ख होतं. मी तिसरी ओळ वाचली. चौथी वाचली. पाचवी वाचली. डॉक्टर म्हणाला, बस. मी दुसऱ्या डोळ्यानं सहावी वाचली. तो म्हणाला, "अहो, बस, एवढी कुणी वाचत नाही." तरी मी थांबलो नाही, तक्त्याच्या अगदी तळाला, चौकटीच्या बाहेर, मुंगीच्या पायांनी छापलेलं जे होतं तेही मोठ्यानं वाचलं: तक्त्याची घडी घालू नये.

"उत्तम," डॉक्टर म्हणाला, "यांना चष्म्याची काही गरज नाही. मला आहे." बायकोनं टाळी वाजवली. मेहुण्यानं हातातली फ्रेम मांडणीवर परत ठेवली. मग किंचित सरळ केली. मग आणखी सरळ केली. रस्त्यानं परत येताना बायको पुढं चालत होती आणि फोनवर तिच्या आईला सांगत होती, की यांची नजर गरुडासारखी आहे, उगाच घाबरलो. आम्ही दोघं मागं होतो. एक गल्ली मागं पडली. मग तो समोर बघतच म्हणाला, "केवढा होता?"

"वाटाण्याएवढा."

"मी बघितला तेव्हा बोराएवढा झाला होता."

"हो. वाढत होता."

त्यानं मान हलवली, कापडाचं माप सांगितल्यावर हलवायचा तशी. पुढं बायको वळून ओरडली, "अरे, चला की भराभर, काय खलबतं चाललीयेत?" तो ओरडून म्हणाला, "घोड्यांचं बोलतोय, ताई!" आणि मग माझ्याकडे न बघता, खालच्या आवाजात, "तिला कधी सांगू नका. मला नाही, तिला." त्यातलं 'मला नाही' म्हणजे काय, ते मी अजून उलगडतोय.

सोमवारी तो माझ्या आधी आला होता. काकू खिळ्यावर होती आणि नळीचे वेढे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे होते. त्यानं माझ्यासाठी ते परत घातले होते. "काकू तुम्ही घ्या, भावोजी," तो म्हणाला आणि हात पुढं केला. "ब्रश मला द्या." हवामानानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या हातांना चटके बसतात हो, सवय नाही." हवामान म्हणाला, आता घोड्यांची वाट लागणार. लागली नाही. मेहुणा पिशवी घालतो, चिमटे काढतो, कुठं जास्त कुठं कमी ते बोटांनी सांगून ठेवतो, आणि मग मी नुसती ज्वाळा फिरवली तरी आतून घोडा येतो, दात, नाकपुड्या, आयाळ. मालकीण शेवटी आली तेव्हा तिनं मोजा काढून माझ्याही एका घोड्याच्या नाकावरून हात फिरवला. माझ्या मनगटावरचे केस पुन्हा गेलेत. बायको पुन्हा अंगठा फिरवते. मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं आहे.

घोडे गेले. आता दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्या आल्यात, चाळीस. रोज सकाळी तो बापाचा ब्रश घेऊन टाकीपुढं उकिडवा बसतो, एकेका जोडाला फेस लावतो आणि बघत राहतो. त्याला घाई नसते. मग उठतो, ब्रश खिशात घालतो आणि माझ्याच सुरात म्हणतो, "ठीक आहे." वाडगा तिथंच असतो. नियम मला पाठ आहे, मीच केलेला आहे. मी बोट बुडवून परत तपासू शकतो, तो अडवणार नाही. मी अजून एकदाही तपासलेलं नाही. मी खटक्यावर बोट ठेवतो आणि त्याच्याकडे बघतो. कापायचं टेबल वीस पावलांवर आहे आणि तिथं त्याचं कामही पडलेलं असतं. पण तो जात नाही. टाकीला पाय टेकेल इतक्या जवळ, हाताची घडी घालून, माझ्या शेजारी उभा राहतो, मी पेटवेपर्यंत. मला त्याचा इतका हेवा वाटतो, की खटका दाबायला रोज थोडा उशीर होतो.